मराठीच्या मास्तरांची परसबाग

अप्पा, या वर्षी परसातली माती वाहून गेली. असा पाऊस तुम्ही आपल्याकडं कधी पाहिला नसेल. दुष्काळाची सवय झालेल्या माणसांनी पावसाला भ्यावं, असे दिवस आले. भाद्रपद सरत आला तरी तो थांबेना, आणि एका पहाटे मागच्या गल्लीतलं पाणी भिंतीखालच्या फटीतून आत शिरलं, वाफ्यांवरून सरळ चालत गेलं आणि न्हाणीच्या बाजूनं बाहेर पडलं. उजाडल्यावर दार उघडलं तर वांगी आडवी झालेली, मिरच्यांची मुळं उघडी पडलेली, आणि खाली तोच लालसर मुरूम दिसत होता, जो आपण दोघांनी कधीकाळी झाकला होता. इतक्या वर्षांचं शेणखत, पालापाचोळा, राख, सगळं घेऊन पाणी गेलं. मी पायरीवर बसून राहिले. रडू आलं नाही. फक्त हे कुणाला तरी सांगावं असं वाटलं, आणि ज्याला सांगून कळेल असं माणूस तुमच्याशिवाय आठवलं नाही.

तुम्ही हे वाचलं असतं तर वरच्या ‘आपल्याकडं’भोवती आधी लाल शाईनं गोल काढला असता आणि शेजारी ‘आपल्याकडे’ लिहिलं असतं. हायस्कूलमध्ये तुम्ही मराठी शिकवायचात आणि घरातही शिकवणं थांबायचं नाही. गावात सगळे ‘न्हाय’ म्हणत, आम्ही दोघं भावंडं ‘नाही’ म्हणायचो आणि त्यापायी गल्लीतल्या पोरांचा मार खायचो. उमरग्याच्या पलीकडं, सीमेला लागून असलेल्या आपल्या गावात निम्म्या घरांत कानडी बोलली जायची. आपल्या घरातही अज्जी, तुमची आई, बोलायची, पण फक्त परसात. तुम्ही घरी असलात की ती मागचं दार ओढून घ्यायची आणि तिच्या घेवड्याशी, अळूशी, कढीपत्त्याशी बोलत बसायची. मी आठ-नऊ वर्षांची असेन. तिच्यामागं फिरून मी पाण्याला ‘नीर’ आणि मातीला ‘मण्ण’ म्हणायला शिकले होते. एकदा शाळेतले दोन मास्तर जेवायला आले होते. तांब्या रिकामा झाला तेव्हा मी मोठ्यानं विचारलं, “नीर आणू का?” तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. पाहुणे गेल्यावर मला समोर उभं करून म्हणालात, “या घरात एकच भाषा बोलली जाईल.” आवाज चढवला नाहीत. तो तुम्ही कधीच चढवायचा नाहीत. अज्जी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती, तिनंही ते ऐकलं. त्यानंतर ती माझ्याशी मोडक्या मराठीत बोलायला लागली, आणि मोडकं बोलायची लाज वाटून हळूहळू बोलेनाशीच झाली.

माझं लग्न तुम्ही येरमाळ्याकडं ठरवलंत. हायवेवर हॉटेल, घरची शेती, आणि तुमच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मुलगा एम.ए. झालेला. तो मारायचा, हे मी आईला सांगितलं होतं आणि आईनं तुम्हाला. त्या चैत्रात येडेश्वरीच्या यात्रेच्या गर्दीत वाट काढत तुम्ही आमच्याकडं आलात. मी चहा आणला तो डाव्या हातानं, कारण उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. तुम्ही त्या फडक्याकडं पाहिलंत. “भाजलं का?” असं विचारलंत. सासूबाई पुढं होऊन म्हणाल्या, “व्हय जी, तव्यावर पडला हात. लई धांदरट हाय तुमची लेक.” तुम्ही चहा प्यायलात, रुमालानं ओठ टिपलेत आणि निघालात. मी दारात उभी होते. मला वाटत होतं, फाट्यापर्यंत जातील आणि वळतील. एस.टी. आली, तुम्ही चढलात, खिडकीतून एकदा हात वर केलात.

त्यानंतर दोन वर्षांनी मी आपली आपणच निघून आले. तुम्ही ओसरीवर पेपर वाचत होतात. “आत ये. हातपाय धू,” एवढं म्हणालात. गावाला सांगितलंत की आईची प्रकृती बरी नसते, म्हणून लेकीला बोलावून घेतलं आहे. व्याकरणात कुठं चूक नव्हती, फक्त ते खरं नव्हतं. मी औषधाच्या दुकानात कामाला लागले. आई गेली. अज्जी तर त्याच्या कितीतरी आधी गेली होती. भाऊ पुण्यात स्थिरावला. घरात आपण दोघं उरलो आणि तुम्ही माझ्याशी भाजी, लाईटबिल आणि वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका, यांपलीकडं काही बोलत नव्हतात. एक प्रश्न मी त्या सगळ्या वर्षांत घशाखाली ठेवला होता. वाटायचं, तुम्ही म्हातारे व्हाल, मऊ व्हाल, मग विचारीन.

मग पौषातल्या थंडीत तुम्ही न्हाणीत पडलात. सोलापूरच्या दवाखान्यात शुद्धीवर आलात तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय गेला होता, तोंड एका बाजूला ओढलं होतं. मी वाकून विचारत होते, “अप्पा, काही हवंय का?” आणि तुमच्या ओठांतून नुसता वारा येत होता. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तुम्ही स्पष्ट म्हणालात, “नीर.” मी दचकून मागं वळून पाहिलं, जणू अज्जीच दारात आली आहे. वॉर्डात झाडायला येणाऱ्या बाईनं हातातला झाडू टेकवला आणि म्हणाली, “बाई, पाणी मागायलेत की. द्या ना.” भाऊ डॉक्टरांशी बोलून आला. म्हणाला, कधी कधी नंतर शिकलेली भाषा जाते आणि लहानपणीची तेवढी राहते. हे सांगताना तो कसंनुसं हसला. मला हसू आलं नाही. तीस वर्षं ज्या भाषेनं तुमचं घर चालवलं, ज्या भाषेसाठी तुम्ही आपल्या आईला परसात कोंडलंत, ती गेली होती. तुम्हाला ती समजत होती सगळी. पेपर समोर धरला की डोळे ओळींवरून फिरायचे. पण तोंडात आणायला गेलात की काही यायचं नाही, आणि जे यायचं ते चार-दोन शब्दांचं, एखाद्या पोराचं कानडी.

परसबागेची सुरुवात खरं तर लपण्यातून झाली, हे तुम्हाला माहीत आहे. घरी आणल्यावर तुमचे जुने विद्यार्थी भेटायला येऊ लागले. कुणी तलाठी, कुणी वकील, कुणी स्वतः मास्तर झालेले. पायाशी बसून म्हणायचे, “सर, ओळखलं का?” तुम्ही ओळखायचात. तोंड घट्ट मिटून घ्यायचात आणि भिंतीकडं वळायचात. एका सकाळी अंगणात चपलांचा आवाज आला तसे तुम्ही काठी घेतलीत, पाय ओढत स्वयंपाकघरातून मागं गेलात आणि परसातल्या पाट्यावर जाऊन बसलात. मी पाहुण्यांना सांगितलं, झोपलेत. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग तुम्ही दिवसभर तिथंच बसायला लागलात. अज्जीनंतर त्या जागेकडं कुणी पाहिलं नव्हतं. तरोटा, काटेरिंगणी, फुटक्या कौलांचा ढीग आणि पाय टेकला की करकरणारा मुरूम. आईला त्यात रस नव्हता, तुम्हाला तर ते गावंढळ वाटायचं, आणि मला त्यातलं काही येत नव्हतं.

मी दुकानातून दुपारी जेवायला आले तर तुम्ही डाव्या हातात उलथनं धरून जमीन खरवडत होतात. नखांत मुरूम गेलेला. मला राग आला, कारण हात धुवून द्यायचे मलाच. म्हटलं, “अप्पा, काय हे?” तुम्ही माझ्याकडं पाहिलंत आणि म्हणालात, “मण्ण.” मला माहीत असलेले दोनच शब्द होते, त्यातला हा दुसरा. मी म्हटलं, “माती हवी? ती काय करायची?” तर तुम्ही पुढं बरंच काही बोललात, थांबत, अडखळत, आणि मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. तेव्हा भिंतीवरून शेजारच्या मावशींचं डोकं वर आलं. त्यांचं माहेर सीमेपलीकडं, आळंदकडचं, कानडी त्यांच्या तोंडात घोळलेली.

“अगं पोरी, मास्तर म्हणतेत, ह्या मुरमात काय बी यायचं न्हाय. तळ्याचा गाळ आण म्हणतेत. अन् शेणखत, पार मुरल्यालं. ताजं नगं, ताज्यानं मुळं जळतेत.”

मी मावशींकडं पाहिलं, मग तुमच्याकडं. “तुम्हाला हे कसं माहीत?”

मावशीच म्हणाल्या, “माईत नसंल व्हय? तुजी अज्जी सांगायची की. बारका हुता तवा माझा ल्योक दिसभर माझ्यासंग परसात असायचा म्हून. शाळंला लागला अन् लाजाया लागला.”

तुम्ही मान खाली घातलीत. मला ते कधीच कळलं नव्हतं, अप्पा. मला वाटायचं तुम्ही जन्मापासूनच मास्तर होतात.

तर असे आपण सुरू झालो. एका ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्यानं तळ्यातला गाळ आणून टाकला. मी पाट्या वाहायची, तुम्ही काठीनं दाखवायचात, मावशी भिंतीवरून भाषांतर करायच्या आणि मधून मधून स्वतःचंही घुसडायच्या. पहिली मेथी मी मूठ भरून फेकली. दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग एकेक दाणा घेऊन भिंतीकडं चाललेली. तुम्ही कपाळावर हात मारलात. पुढच्या वेळी बी राखेत चोळून ठेवलं, बोटानं रेघ ओढली, दाणे विरळ सोडले आणि वर चिमटीनं माती भुरभुरली. मी तांब्यानं पाणी ओतायला गेले तशी तुम्ही काठी आडवी घातलीत. “तडी.” थांब. मग ओंजळीत पाणी घेऊन बोटांच्या फटीतून शिंपडून दाखवलंत, एका हाताची ओंजळ, त्यातलं निम्मं मनगटावरून ओघळून तुमच्या बाहीत गेलेलं. मी शिंपडायला लागले. बऱ्याच वेळानं तुम्ही म्हणालात, “साक.” पुरे.

मला झाडं लावणं म्हणजे खड्डा करायचा, रोप ठेवायचं आणि पाणी ओतायचं, एवढंच वाटायचं. वांग्याची पहिली दहा-बारा रोपं मी सकाळी लावून दुकानात गेले, दुपारी येऊन पाहते तर सगळी माना टाकून बसलेली. तुम्ही वर सूर्याकडं बोट केलंत आणि “बिसल, बिसल” म्हणत राहिलात, चिडून, रडकुंडीला येऊन. ऊन. आपल्या उन्हात रोप लावायचं तर दिवस कलल्यावर. आईची जुनी लुगडी चार काठ्यांवर बांधून सावली करायची. आळं खोडाला चिकटवायचं नाही, वीतभर लांबून गोल करायचं, म्हणजे मुळं पाण्याच्या मागं जातात. मावा पडला तर सकाळी दहिवर असताना राख उडवायची. आणि माती टाकताना ढेकूळ तसंच टाकायचं नाही. ते बोटांनी चुरायचं, पीठ झालं पाहिजे. यावर तुम्ही फार अडून बसायचात. ढेकूळ दिसलं की काठीच्या टोकानं ते माझ्याकडं ढकलायचात.

भावानं सोलापूरला एका वाचा शिकवणाऱ्या बाईंची वेळ घेतली होती, ते मी विसरलेले नाही. तुम्ही स्वच्छ धोतर नेसलात, कपाळाला विभूती लावलीत, टोपी घातलीत. ती मुलगी चांगली होती, वयानं माझ्या निम्मी. तिनं टेबलावर एक चित्र ठेवलं आणि गोड आवाजात विचारलं, “आजोबा, हे काय आहे?” कौलारू घराचं चित्र. तुम्ही बराच वेळ पाहत राहिलात. मानेवरून घाम उतरताना मला दिसत होता. मग तुम्ही हळूच कानडी शब्द उच्चारलात. ती म्हणाली, “नाही आजोबा. घर. म्हणा माझ्यामागं. घ. र. घ-र.” लहानपणी आम्हा भावंडांच्या हाताला धरून तुम्ही जसं पाटीवर गिरवून घ्यायचात, तसं. तुम्ही टोपी काढून मांडीवर ठेवलीत आणि पुन्हा तोंड उघडलं नाहीत. परतीच्या एस.टी.त खिडकीचा गज घट्ट धरून बसला होतात. नळदुर्गला गाडी थांबली तेव्हा मी भजी घेतली. तुम्ही खाल्ली नाहीत, मीही नाही, कागद तेलकट होऊन माझ्या पर्समध्येच राहिला. त्यानंतर मी तुम्हाला तिथं नेलं नाही. भाऊ फोनवर ओरडला, “तू त्यांना मुकं करून ठेवणार आहेस.” मी म्हटलं, “त्यांना बोलता येतं.” तो म्हणाला, “कुणाशी?” मी फोन ठेवला आणि मागं जाऊन दोडक्याला काठी रोवली.

दुसऱ्या उन्हाळ्यात बोअर आटला. टँकर आठवड्यातून कधी यायचा, कधी यायचा नाही. भांडी घासलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, तुमच्या आंघोळीचं पाणी, सगळं बादलीत साठवायचं, आणि तरी पुरायचं नाही. एका संध्याकाळी तुम्ही काठी घेऊन वाफ्यांमधून फिरलात आणि कुठलं झाड ठेवायचं, कुठलं सोडायचं ते दाखवत गेलात. वांग्याजवळ थांबलात, काठी उचललीत, पुढं निघालात. म्हणजे वांगी गेली. मिरचीही सोडायची. टोमॅटो तर आधीच करपले होते. कढीपत्ता, शेवगा, बेलाचं रोप आणि दोडक्याचे दोन वेल ठेवायचे. मी दुकानाशेजारच्या दवाखान्यातून सलाईनच्या रिकाम्या बाटल्या आणल्या, स्वच्छ धुतल्या, काठ्यांना उलट्या टांगल्या आणि नळीचं चाक फिरवून थेंब थेंब सोडलं. वॉर्डातल्यासारखंच दिसायचं ते. आपण दोघं गोणपाटावर बसून थेंब पडताना बघत राहायचो. माती ते असं प्यायची की ओलही वर दिसायची नाही.

तसंच बसलो असताना मी विचारलं. ठरवून नाही. समोर सोडून दिलेली वांगी वाळत होती, त्यांची पानं कागदासारखी वाजत होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

“अप्पा, तुम्ही येरमाळ्याला आला होतात ना, त्या दिवशी. माझा हात पाहिलात. भाजलेला नाही हे तुम्हाला कळलं होतं. मग मला का आणलं नाहीत?”

मग तुमचे ओठ हलायला लागले. मराठी शोधत होतात, मला दिसत होतं. ‘मी’ का ‘म’ असं काहीतरी आलं आणि अडकलं. तुम्ही डोळे मिटलेत, पुन्हा प्रयत्न केलात, मांडीवर डाव्या हाताची मूठ आपटलीत. शेवटी म्हणालात, “गोत्तिल्ल.”

भिंतीपलीकडं मावशी गोवऱ्या रचत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. डोकं वर करून त्या बिचकत म्हणाल्या, “पोरी, ते म्हणतेत...”

“कळलं मावशी,” मी म्हटलं.

हा शब्द मला एव्हाना येत होता. माहीत नाही. वर्गात कुणी ‘माहीत नाही’ म्हटलं की तुम्ही त्याला बसू द्यायचा नाहीत. ते उत्तर नसतं म्हणायचात. इतकी वर्षं मी तुमच्या वतीनं किती उत्तरं तयार करून ठेवली होती. लोक काय म्हणतील म्हणून. आईसाठी म्हणून. मुलगा शिकलेला, सुधारेल म्हणून. यातलं कुठलंही तुम्ही म्हणाला असतात तर मला भांडता आलं असतं. माझ्या बापाला स्वतःलाच माहीत नव्हतं की लेकीचा मोडलेला हात बघून तो एस.टी.त का चढला. तुमच्या उजव्या डोळ्याला आजारापासून सतत पाणी यायचं, त्यामुळं तुम्ही रडत होतात का, हेही मला कळलं नाही. मी उठले, बाटल्यांची चाकं तशीच सोडून आत गेले आणि रात्री भाकरी कुस्करून ताट तुमच्यासमोर सरकवलं.

सकाळी उठून पाहिलं तर तुमचं अंथरूण रिकामं. तुम्ही परसात होतात. बाटल्यांची चाकं बंद केली होती, एका हातानं कशी केलीत कोण जाणे. तुमच्या गोणपाटाशेजारी माझं गोणपाट झटकून, नीट पसरून ठेवलं होतं. मी जाऊन त्यावर बसले. राग गेला नव्हता. तो आजही पूर्ण गेला आहे असं नाही. पण त्या दिवसापासून मी तुम्हाला कानडी शब्द विचारायला लागले. मुळाला काय म्हणायचं, सावलीला काय, कडू दोडक्याला काय. तुम्ही सांगायचात. मी चुकीचा उच्चार केला की तुम्ही दोनदा, तीनदा म्हणून घ्यायचात. त्या उन्हाळ्यात दोडक्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच दोडके आले. तुम्ही एकही विकत आणलेली भाजी खाल्ली नाहीत, वरण-भाकरीवर राहिलात आणि दोडका निघायची वाट पाहिलीत.

आषाढात तुम्ही गेलात. सकाळी, चहा व्हायच्या आत. दुसरा झटका, डॉक्टर म्हणाले. पाऊस नुकता लागला होता, जमीन ओली होती. आपल्याकडच्या रीतीनं तुम्हाला बसवलं, विभूती लावली, फुलांनी मढवलं. आपल्या समाजाच्या जागेत खड्डा घेतला होता. मी कडेला उभी राहून आत पाहत होते आणि माझ्या मनात येत होतं की वर हातभर काळी, खाली चिकट चोपण, त्याखाली मुरूम, पाणी मुरणार नाही या जागेत. असले विचार त्या वेळी यायला नकोत, पण तुम्हीच ते शिकवले होते. मातीची पाळी आली. भावानं टाकली, काकांनी टाकली. माझ्या हातात आलं ते ढेकूळ होतं. मी ते चुरायला लागले. ओलं होतं, चुरता चुरेना. मागची माणसं खोळंबली. भाऊ कानाशी म्हणाला, “अगं, टाक ना.” मी म्हटलं, “तडी.” त्याला शब्द कळला नाही, पण तो थांबला. माती पीठ झाल्यावर मी ती तुमच्या खांद्यावर सोडली.

त्यानंतर मी मागचं दार लावलं ते लावलंच. कढीपत्ता वाळला, वेल वाळले. पावसाळ्यात आपोआप उगवलेला तांदूळजा गुडघ्याएवढा व्हायचा आणि तसाच बियाला जायचा. मी दुकानात जायची, यायची, दिवा लावायची. पुन्हा सुरुवात झाली ती मावशींमुळं. त्यांचा मुलगा त्यांना गुलबर्ग्याला घेऊन चालला होता. निघताना त्यांनी पदराच्या गाठीतून घेवड्याचं बी माझ्या हातावर सोडलं. “तुझ्या अज्जीचं हाय हे. म्या तिच्याकडनंच मागून न्हेलं हुतं. आता माझ्या ल्योकाच्या घरी माती न्हाय, नुस्ती फरशी हाय.” मी कानडीत म्हटलं, तुम्ही गेल्यावर मी कुणाशी बोलू? त्या हसल्या आणि मग तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. वर्षाच्या आत त्याही गेल्या.

तर ती माती मी पुन्हा एकटीनं केली. घेवडा चढला, वांगी आली, शेवग्यानं भिंत ओलांडली. मोबाईलवर आता परसबाग शिकवणारे पुष्कळ आहेत. नारळाचा भुसा, रंगीत कुंड्या, मोजून द्यायची खतं. मी बघते, त्यातलं काही करूनही पाहते. काही वेळा त्यांचं बरोबर निघतं आणि तुमचं चूक. खोडाला राख फार झाली तर जमीन खारावते, हे तुम्हाला माहीत नव्हतं. ते ऐकून मला तुमच्या बाजूनं भांडावंसं वाटलं आणि भांडायला समोर कुणी नव्हतं.

आता ती मातीच गेली. भाऊ म्हणतो, फरशी करून घे, तुझे गुडघे दुखतात. दुखतात, ते खरं आहे. ट्रॅक्टरवाल्याचा मुलगा परवा विचारून गेला, ताई, गाळ टाकू का? मी त्याला दिवाळीनंतर ये म्हटलं. येईल तेव्हा काय सांगेन, मला माहीत नाही. आडव्या झालेल्या वांग्यांतली दोन मी उभी करून पाहिली, मुळांना मूठ मूठ ओला मुरूम लावला. त्यातलं एक कालपर्यंत हिरवं होतं.

हे कागद मी कुठं पाठवणार नाही. सकाळी चूल पेटवताना लागतील. लिहिताना शुद्धलेखन सांभाळायचा प्रयत्न केला, पण इतक्या वेळा ‘कुठं’ आणि ‘तिथं’ झालं आहे की तुम्ही पहिल्याच पानावर पेन खाली ठेवलं असतं. एक गोष्ट मात्र कुणाला सांगितलेली नाही. तुम्ही जन्मभर माझ्याशी मराठीत बोललात आणि कानडीत जेमतेम दोन वर्षं. तरी मराठीतला तुमचा आवाज मला आता आठवत नाही. डोळे मिटून खूप वेळ बसले की शेजारच्या वर्गातून यावी तशी कविता शिकवत असलेली एक लय ऐकू येते, शब्द कळत नाहीत. तुम्ही मला नावानं हाक मारायचात. ती कशी मारायचात, ते गेलं आहे.